दोन रांगा, एक खिडकी

विमानकंपन्यांचं विलीनीकरण जाहीर झालं की पहिला आठवडा नावावर आणि रंगावर जातो. कुठला ब्रँड राहणार, विमानाच्या शेपटीवर कुठलं चिन्ह येणार, प्रवाशांच्या साठलेल्या पॉइंटांचं काय होणार. मग शेअरबाजाराचं गणित. वैमानिकांच्या सिनिऑरिटी यादीकडे लक्ष जातं ते फार उशिरा, बहुधा उड्डाणं रद्द व्हायला लागल्यावर. आणि गेलं तरी सगळा वाद दोन-तीन वाक्यांत उरकला जातो. एक बाजू म्हणते, ‘जो आधी नोकरीला लागला तो वर, यात चर्चा कसली?’ दुसरी म्हणते, ‘बुडत्या कंपनीतून आलात, नोकरी वाचली हेच खूप, आता रांगेच्या शेवटी उभे राहा.’ आणि काठावरून बघणारे म्हणतात, ‘एवढा पगार घेऊनही यांची भांडणं संपत नाहीत.’ नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, त्याच्या आगेमागे हीच वाक्यं पुन्हा कानावर आली. वाद जुना आहे, जगभरचा आहे, आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या जागी उभं राहून घातला जातो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नोकरीवर रुजू होण्याची तारीख हा दोन वेगळ्या कंपन्यांच्या वैमानिकांना एका यादीत बसवण्याचा न्याय्य निकष नाही. बळकट कंपनीच्या लोकांनी पाहुण्यांना तळाशी ढकलणं हा तर मुळीच नाही. विलीनीकरणाच्या दिवशी प्रत्येक वैमानिक आपापल्या यादीत कुठं होता आणि कुठल्या विमानाच्या कुठल्या खुर्चीत बसत होता, ते स्थान टिकवणं हा पाया असावा. त्यावर सेवेच्या वर्षांना ठरावीक भार द्यावा. हे ठरवायला त्रयस्थ हवा, आणि त्याचा निवाडा टोचला म्हणून संख्याबळावर उलटवता येऊ नये. यातली शेवटची अट सर्वांत कमी चर्चेत असते. नुकसान मात्र सर्वांत जास्त तीच मोडल्यानं झालं आहे.

बाहेरच्या माणसाला आधी हे समजून घ्यावं लागतं की वैमानिकाची सिनिऑरिटी म्हणजे सरकारी कचेरीतली ज्येष्ठता नव्हे. कचेरीत ज्येष्ठतेचा कागद बढतीच्या वेळी कपाटातून बाहेर येतो. वैमानिकाचा आकडा रोज त्याच्यासोबत असतो. कुठलं विमान उडवायचं, डाव्या खुर्चीत कॅप्टन म्हणून बसायचं की उजव्या खुर्चीत को-पायलट म्हणून, बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते शहर) कुठला, या महिन्याचं रोस्टर कसलं, रजा मुलांच्या सुट्टीत मिळणार की भलत्याच महिन्यात, आणि कपात आली तर आधी कोणी घरी जायचं: मोठ्या कंपन्यांत, विशेषतः अमेरिकी पद्धतीच्या, यातलं जवळजवळ सगळं एका आकड्यावर ठरतं. पगारही त्यातूनच येतो, कारण तो विमानाच्या आकाराशी आणि खुर्चीशी बांधलेला असतो. आणि हा आकडा बाहेरच्या बाजारात कवडीमोल आहे. वीस वर्षांचा अनुभव असलेला शल्यविशारद दुसऱ्या रुग्णालयात गेला तर शल्यविशारदच राहतो. वीस वर्षांचा कॅप्टन यादी पाळणाऱ्या दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेला तर यादीच्या तळाशी, कालच भरती झालेल्या मुलाच्या खाली जाऊन उभा राहतो. त्यानं आयुष्यभर साठवलेली ही एकच अशी ठेव आहे जी दुसऱ्या बँकेत वटत नाही. तिला हात लावला की माणूस पिसाळतो, यात नवल नाही. त्याला लोभी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते आळसाचं आहे.

आता तारखेचा प्रश्न. शेजारी शेजारी दोन खिडक्या आहेत आणि दोन रांगा, असं समजा. पहिली खिडकी मंद आहे; तिथं तीन तास उभ्या असलेल्या माणसाचा नंबर अजून चाळिसावा आहे. दुसरी भराभर चालते. तिथं तासाभरापूर्वी आलेला माणूस तिसऱ्या नंबरवर पोचला आहे. अचानक पहिली खिडकी बंद होते आणि दोन्ही रांगा एक करायच्या ठरतात. ‘आधी आला तो आधी’ हे सूत्र लावलं तर तीन तासवाला चाळिसावा त्या तिसऱ्याच्या पुढं जातो. नुसता तोच नव्हे, त्याच्यासोबत मंद रांगेतली बरीचशी फलटण पुढं जाते, आणि भराभर चालणाऱ्या रांगेतली माणसं काहीही चूक नसताना मागं फेकली जातात. मंद खिडकी का मंद होती, याच्याशी त्यांचा काय संबंध? तारखेच्या बाजूचे लोक दोन घड्याळांची तुलना करतात, पण ती घड्याळं एकमेकांना कधी लावलेलीच नव्हती. एका कंपनीतली बारा वर्षं म्हणजे मोठ्या विमानाची कॅप्टनकी, दुसरीतली बारा वर्षं म्हणजे अजून उजवी खुर्ची. वर्षं तीच, पण त्यातून मिळालेलं स्थान वेगळं.

हे झालं सोपं उदाहरण, आणि सोप्या उदाहरणांचा दोष असा की समोरच्याची सर्वांत कमकुवत बाजू तेवढी त्यात बसते. तारखेची खरी ताकद वेगळीच आहे. पहिली गोष्ट, तारीख बदलता येत नाही. स्थानावर आधारलेलं कुठलंही सूत्र ‘कुठल्या दिवशीचं स्थान?’ असा प्रश्न उभा करतं, आणि त्या दिवसाच्या आधी कंपनीनं एखादा ताफा वाढवला किंवा मोडला की सगळी गणितं हलतात. तारखेत असली हातचलाखी चालत नाही. दुसरी, आणि अधिक वजनाची: कपातीत घरी बसलेल्या वैमानिकाचा दोष काय? सोळा-सतरा वर्षं नोकरी केली, धंदा मंदावला, नियमाप्रमाणं खालच्यांना घरी पाठवलं, परत बोलावण्याचा हक्क कायम आहे. आणि विलीनीकरणाच्या दिवशी नेमकं त्याचं ‘स्थान’ शून्य. चाळिसाव्या नंबरवरच्या माणसाचे तीन तास शून्य म्हणणाऱ्या न्यायाला न्याय म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. तिसरी: ‘भविष्यातल्या अपेक्षा’ मोजायला निघालं की गणित संपून भविष्यकथन सुरू होतं.

हे तिन्ही आक्षेप मला मान्य आहेत. तरीही ते मला तारखेपाशी आणून सोडत नाहीत, आणि का ते सांगायला विमानांपासून थोडं दूर जावं लागेल.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. मुंबई राज्यात हैदराबादचा मराठवाडा आला, मध्य प्रदेशातून विदर्भ आला, सौराष्ट्र आणि कच्छ आले. प्रत्येकाबरोबर तिथले अधिकारी आले, आणि प्रत्येकाची स्वतःची ज्येष्ठतायादी. पदांची नावं सारखी, काम वेगळं. काम सारखं, तर पगार वेगळा. कोणाच्या वर कोण, हा प्रश्न तेव्हा हजारो घरांत पेटला होता. केंद्र सरकार आणि मुख्य सचिवांनी त्यासाठी जी तत्त्वं ठरवली, ती पुढं सर्वोच्च न्यायालयानंही उचलून धरली. आधी पाहायचं पदाचं स्वरूप आणि कर्तव्यं, मग त्याचे अधिकार आणि जबाबदारीचा विस्तार, मग भरतीसाठी लागणारी किमान पात्रता, आणि सगळ्यांत शेवटी पगार. या कसोट्यांवर कुठलं पद कुठल्या पदाच्या बरोबरीचं ते ठरवायचं, आणि एकदा पदं बरोबरीला आली की त्या पदावरची सलग सेवा मोजायची. क्रम लक्षात घ्या. ‘तू सरकारी नोकरीत कधी लागलास?’ हा पहिला प्रश्न नव्हता. पहिला प्रश्न होता, ‘तू आज काय करतोस?’ सेवेची वर्षं नंतर आली, पण आली. त्या प्रक्रियेतून कोर्टकचेऱ्या कमी झाल्या असं कोणी म्हणणार नाही. काही खटले तर संबंधितांच्या निवृत्तीनंतरही चालत राहिले. पण तत्त्व म्हणून आजही त्याहून बरं काही मला दिसत नाही.

अमेरिकेतल्या वैमानिकांची सर्वांत मोठी संघटना, एअर लाइन पायलट्स असोसिएशन, फिरून फिरून याच ठिकाणी पोचली. तिनं १९९१ मध्ये आपल्या विलीनीकरण धोरणातून रुजू होण्याच्या तारखेचा निकष वगळला, आणि २००९ मध्ये तीन घटक लिहून ठेवले: करिअरच्या अपेक्षा, सेवेची लांबी, आणि पद व विमानाचा प्रकार. या दोन तारखांच्या मध्ये संघटनेनं एक आख्खी कंपनी गमावली. तो किस्सा सविस्तर सांगण्याजोगा आहे.

२००५ मध्ये यूएस एअरवेज दुसऱ्यांदा दिवाळखोरीत होती. तिला अमेरिका वेस्ट या लहान पण चालत्या कंपनीशी जोडण्यात आलं. पूर्वेकडच्या, म्हणजे जुन्या यूएस एअरवेजच्या यादीत सुमारे ५,१०० वैमानिक होते, त्यातले सुमारे १,७०० कपातीमुळे घरी. पश्चिमेकडे सुमारे १,९००, आणि घरी कोणीच नाही. दोन्ही गट एकाच संघटनेचे सभासद. बोलणी फिसकटली, आणि दोघांनी आधीच मान्य केल्याप्रमाणं प्रकरण बंधनकारक लवादाकडे गेलं. लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी मे २००७ मध्ये निवाडा दिला. पूर्वेकडचे सर्वांत वरचे ५१७ वैमानिक यादीच्या माथ्यावर, कारण ते उडवत असलेली लांब पल्ल्याची मोठी विमानं पश्चिमेकडे नव्हतीच. मधले दोन्हीकडचे वैमानिक आपापल्या स्थानाच्या प्रमाणात एकमेकांत गुंफलेले. आणि पूर्वेकडचे घरी बसलेले सगळे तळाला. त्यामुळे सतरा वर्षांपूर्वी लागलेला वैमानिक दोन-तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलाच्या खाली गेला.

मला हा निवाडा निर्दोष वाटत नाही. तळाच्या १,७०० जणांच्या सेवेला त्यात जवळजवळ काहीच किंमत मिळाली नाही, आणि १९५६ ची कसोटी लावली तर तिथं तो उणा पडतो. पूर्वेकडच्यांचा दुसरा युक्तिवादही बिनतोड वाटायचा: आमचे वैमानिक वयस्कर आहेत, पुढच्या काही वर्षांत ते भराभर निवृत्त होतील, रिकाम्या होणाऱ्या त्या डाव्या खुर्च्या आमच्या आहेत, त्यावर पश्चिमेकडच्या पोरांनी का बसावं? पण याच युक्तिवादाचं काय झालं पाहा. डिसेंबर २००७ मध्ये, निवाड्यानंतर जेमतेम सात महिन्यांनी, अमेरिकेनं वैमानिकांचं सक्तीचं निवृत्तीवय ६० वरून ६५ केलं. एका सहीनं त्या निवृत्त्यांची लाट पाच वर्षं पुढं गेली. ज्या ‘अपेक्षे’वर हजारो लोक हक्क सांगत होते, ती कोणाच्याही हातात नव्हती. म्हणून मी म्हणतो, उद्याच्या अंदाजाला यादीत जागा द्या, पण पाहुण्याची. घर आजच्या स्थानाचं असू द्या.

निवाडा चुकला असेल. पुढं जे घडलं ते मात्र निवाड्याच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठं होतं. पूर्वेकडच्यांनी हिशेब केला: आपण जास्त आहोत. एप्रिल २००८ मध्ये त्यांनी मतदानानं जुनी संघटनाच हटवली आणि स्वतःची नवी संघटना आणली, जिचा मुख्य वायदा रुजू तारखेनुसार यादी हाच होता. पश्चिमेकडचे कोर्टात गेले. २००९ मध्ये ज्यूरीनं त्यांच्या बाजूनं कौल दिला. २०१० मध्ये अपील न्यायालयानं ‘अजून वेळ आलेली नाही, नवा करार झालेलाच नाही’ म्हणून तो रद्द केला. मग पुन्हा खटला, पुन्हा निकाल, पुन्हा अपील. दरम्यान कंपनी एक, विमानांवरचा रंग एक, आणि कॉकपिटं दोन: पूर्वेकडचे पूर्वेकडच्या करारावर, पश्चिमेकडचे पश्चिमेकडच्या. पूर्वेकडचा करार दिवाळखोरीत गळा आवळून घेतलेल्या सवलतींचा होता. नवा एकत्रित करार झाला असता तर पगार वाढला असता, पण नवा करार म्हणजे नवी यादी, आणि यादी नको म्हणून करारही नको. मला सांगा, व्यवस्थापनाला याहून स्वस्त कामगार-धोरण सुचलं असतं का? त्यांना काही करावंच लागलं नाही.

इथं ‘लोकशाही’ नावाचा युक्तिवाद येतो आणि तो नीट ऐकून घ्यायला हवा. संघटना सभासदांची आहे. बहुसंख्य सभासदांना एखादं धोरण नको असेल तर नेतृत्व बदलण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि तो नसेल तर संघटनेला अर्थ नाही. खरंच आहे. पगार, कामाचे तास, पेन्शन यांबद्दल मी हे डोळे मिटून मान्य करीन. कारण तिथं ठराव सगळ्यांना सारखाच लागू होतो. पगार वाढला तर सगळ्यांचा वाढतो. सिनिऑरिटीचं तसं नाही. यादीत एक माणूस वर सरकला की दुसरा खाली जातोच. बेरीज शून्य असलेल्या वाटणीत मतदान घेणं म्हणजे ५,१०० लोकांनी १,९०० लोकांचा वाटा किती हे हात वर करून ठरवणं. भाऊबंदकीत जास्त मुलं असलेल्या भावानं ‘आपण मतदान घेऊ’ म्हटलं तर आपण त्याला लोकशाहीवादी म्हणतो का? २०१५ मध्ये अपील न्यायालयानं शेवटी जे म्हटलं त्याचा रोख हाच होता: संघटनेवर सर्व सभासदांचं न्याय्य प्रतिनिधित्व करण्याचं कर्तव्य असतं, फक्त ज्यांच्या मतांवर ती निवडून आली त्यांचं नव्हे, आणि हे कर्तव्य नव्या संघटनेनं मोडलं होतं.

पण पश्चिमेकडच्यांना कैवार देऊन थांबलो तर मीही एकाच बाजूचा ठरेन. बळकट बाजूचा मग्रूरपणा पाहायचा असेल तर २००१ कडे यावं लागेल. अमेरिकन एअरलाइन्सनं दिवाळखोर टीडब्ल्यूए विकत घेतली. तिच्या सुमारे २,३०० वैमानिकांना विलीनीकरणात लवादाचं संरक्षण होतं. ते सोडून द्या, नाहीतर सौदाच होणार नाही, असा दबाव आला आणि ते सोडलं गेलं. मग अमेरिकनच्या वैमानिकांच्या संघटनेनं, जिच्यात या लोकांचं एकही मत नव्हतं, यादी ठरवली. टीडब्ल्यूएच्या निम्म्याहून अधिक वैमानिकांना थेट तळाशी चिकटवण्यात आलं. अमेरिकेत या प्रकाराला ‘स्टेपल करणं’ म्हणतात. दोन याद्या घ्यायच्या आणि एकीच्या शेवटच्या पानाला दुसरी टाचणीनं टोचायची. त्याच वर्षी ११ सप्टेंबर उजाडला होता, विमान वाहतूक कोसळली, कपात झाली आणि अर्थातच ती तळापासून झाली. अनेक वर्षं कॅप्टन असलेली माणसं घरी बसली.

या बाजूचाही एक युक्तिवाद आहे: आम्ही आलो नसतो तर टीडब्ल्यूए बंदच पडली असती, मग कुठली सिनिऑरिटी नि कुठलं काय? ऐकायला रास्त वाटतं. पण सौदा वैमानिकांनी केला नव्हता. कंपनीनं विमानं घेतली, मार्ग घेतले, विमानतळांवरच्या जागा घेतल्या, त्या सगळ्यांची किंमत मोजली. आणि त्या विमानांत बसणारी माणसं तेवढी उपकार म्हणून घेतली? आलेल्या विमानांमुळे डाव्या खुर्च्या वाढल्या. त्या खुर्च्या येताना आपल्या माणसांसकट आल्या होत्या. जुन्या लोकांनी खुर्च्या ठेवून घेतल्या आणि माणसं दारात उभी केली. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांनी पुढं आपल्याच जुन्या संघटनेवर, तिनं आपली बाजू लढवली नाही म्हणून, खटला भरला; २०११ मध्ये ज्यूरीनं तो मान्य केला आणि २०१४ मध्ये ५ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली. तोवर त्यातल्या बऱ्याच जणांचं उडण्याचं वय सरलं होतं. मिसूरी राज्याचे दोन सिनेटर, क्लेअर मॅकॅस्किल आणि किट बाँड, एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन, यांनी २००७ च्या डिसेंबरात कायदा करून घेतला: विलीनीकरणात याद्या ‘न्याय्य आणि समतोल’ पद्धतीनं जोडायच्या, आणि पटलं नाही तर लवाद बंधनकारक. हा नियम नवा नव्हता. १९७२ मध्ये अ‍ॅलेघेनी आणि मोहॉक या कंपन्या जोडताना सरकारी मंडळानं हीच अट घातली होती; पुढं नियंत्रणं उठली आणि अटही वाऱ्यावर गेली.

आपल्याकडची कहाणी याहून वेगळी नाही, फक्त आपण ती ‘संपकरी वैमानिक विरुद्ध प्रवासी’ अशी वाचली. ऑगस्ट २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स कागदावर एक झाल्या. एकीकडे लांब पल्ल्याची मोठी बोइंग विमानं आणि कमांडसाठी, म्हणजे कॅप्टनकीसाठी, लांबलचक वाट. दुसरीकडे मुख्यतः देशांतर्गत मार्गांवरची एअरबस आणि तुलनेनं लवकर मिळणारी कमांड. संघटना दोन, पगाराच्या रचना दोन. यादीचं सूत्र? ते नंतर पाहू. ‘नंतर’ उजाडायला चार वर्षं लागली. एप्रिल-मे २०११ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या बाजूचे वैमानिक समान वेतनासाठी दहा दिवस संपावर गेले, तेव्हा कुठं न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. मे २०१२ मध्ये एअर इंडियाच्या बाजूचे वैमानिक सामूहिक आजारी रजेवर गेले; त्यांचा मुद्दा होता की ड्रीमलायनर या नव्या बोइंग विमानांचं प्रशिक्षण दुसऱ्या बाजूला दिलं तर आमची कमांड आणखी लांबेल. तो संप ५८ दिवस चालला. उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला, शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले, त्यांच्या गिल्डची, म्हणजे संघटनेची, मान्यता काढून घेतली गेली. जवळपास एका वर्षाच्या अंतरानं एकाच कंपनीचे दोन अर्धे आळीपाळीनं संपावर गेले, आणि दोघांचीही तक्रार मुळात एकच: आम्हाला एकत्र करताना आमचं स्थान काय, हे कोणी सांगितलंच नाही.

ड्रीमलायनरचा दावा तपासण्यासारखा आहे. २७ विमानांची ती मागणी विलीनीकरणाच्या आधी एअर इंडियानं नोंदवली होती. ‘ती आमची विमानं’ या म्हणण्यात म्हणूनच दम होता. हीच ती ‘करिअरची अपेक्षा’. आणि संप हा त्यावरचा चुकीचा उपाय होता हेही तितकंच खरं. पण योग्य उपाय कोणाच्या हातात होता? अशा ठिकाणी जगभर कुंपण घालतात: अमुक प्रकारच्या विमानाच्या इतक्या खुर्च्या इतकी वर्षं या गटासाठी राखीव, त्यानंतर सगळ्यांना खुल्या. कुंपण म्हणजे सूत्राची कबुली, की यादी पहिल्या दिवशी सगळ्यांना सारखी लागणार नाही आणि तिला मुरायला वेळ द्यावा लागेल. २००७ मध्ये कोणी ते घातलं असतं तर २०१२ मध्ये दोन्ही बाजूंना निदान नियम माहीत असता. विलीनीकरणाचा ठराव करणाऱ्यांनी विमानं मोजली, कर्ज मोजलं, इमारती मोजल्या. माणसांची रांग मोजायचं राहून गेलं.

हे सगळं वाचून एक शहाणा प्रश्न येतो, आणि तो प्रवासी नेहमी विचारतात: मग ही सिनिऑरिटी मोडूनच का टाकत नाही? गुणवत्तेवर द्या की कॅप्टनकी. मोहक आहे. पण वैमानिकाची गुणवत्ता कोण मोजणार? परवाना, सिम्युलेटर, नियमित तपासण्या यांतून पात्र की अपात्र हे कळतं, आणि अपात्र माणूस कितीही ज्येष्ठ असला तरी उडत नाही. त्यापलीकडचं ‘अधिक चांगला’ हे प्रमाणपत्र शेवटी व्यवस्थापन देणार. आणि व्यवस्थापनाला चांगला वाटणारा वैमानिक कोण? जुलै १९१९ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याच्या वैमानिकांनी धुक्यात उडायला नकार दिला. खात्यानं दोघांना काढून टाकलं, बाकीच्यांनी संप केला. खात्याच्या नजरेत धुक्यात उडणारा ‘गुणी’ होता. बिघाडाचा दिवा लागलेला असताना ‘मी हे विमान नेणार नाही’ म्हणणाऱ्या कॅप्टनचा पुढच्या महिन्याचा बेस आणि बढती साहेबाच्या मर्जीवर असावी, असं मला माझ्या खिडकीजवळच्या सीटवरून तरी वाटत नाही. सिनिऑरिटी ओबडधोबड आहे, पण तिला मर्जी नसते.

व्यवहारात काय चालतं, त्याचे दाखले आहेत. २००८ मध्ये डेल्टा आणि नॉर्थवेस्ट जोडल्या गेल्या तेव्हा नॉर्थवेस्टच्या वैमानिकांना तारीख हवी होती, डेल्टाच्यांना स्थान. भांडण तेच. फरक इतकाच की एकत्रित करार सौदा पुरा होण्याआधी झाला होता, आणि लवादाचा निवाडा सौद्यानंतर दीड महिन्याच्या आत, डिसेंबरात आला. त्यानं पद आणि विमानाचा प्रकार पाया धरला, नॉर्थवेस्टकडच्या येऊ घातलेल्या निवृत्त्यांचा हिशेब यादीत बसवला, काही मोठ्या विमानांभोवती काही वर्षांचं कुंपण घातलं. नाराज दोन्हीकडे होते. विमानं उडत राहिली. तीन वर्षांनी साउथवेस्टनं एअरट्रान घेतली. एअरट्रानच्या वैमानिकांच्या नेत्यांनी पहिला प्रस्ताव सभासदांपर्यंत जाऊच दिला नाही, आणि मग आलेला दुसरा आधीच्यापेक्षा वाईट निघाला. अनेक कॅप्टन उजव्या खुर्चीत परतले, बदल्यात साउथवेस्टची वेतनश्रेणी मिळाली. तडजोड म्हणून ती करता येते. पण कंपनी ‘तुम्हाला जोडून घेणारच नाही’ असं सुचवत असताना केलेल्या सौद्याला मी मुक्त मनाचा सौदा म्हणणार नाही. डेल्टा आणि साउथवेस्ट यांतला फरक सूत्राचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. यादी आधी ठरली तर दोन्ही गट एकत्र कंपनीसमोर बसतात. नंतर ठरवायची म्हटली तर कंपनी दोघांना एकमेकांसमोर बसवते.

स्थान कुठल्या दिवशीचं, या आक्षेपाचं उत्तरही इथंच आहे. सौद्याची घोषणा झाली तो दिवस धरा. त्यानंतर ताफ्यात केलेले फेरफार यादीच्या हिशेबात घेऊ नका. घरी बसलेल्यांसाठी सेवेच्या वर्षांना यादीत ठरावीक भार द्या, म्हणजे सतरा वर्षंवाला सरसकट तळाला जाणार नाही, आणि कामावर असलेल्या सगळ्यांना ओलांडून वरही येणार नाही. तो भार किती, यावर माझा हट्ट नाही. तो आकडा लवादानं दोन्ही बाजूंना ऐकून ठरवावा. हट्ट आहे तो एवढाच, की आकडा पडल्यावर मतपेटी काढायची नाही.

यूएस एअरवेज डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली, आणि तोवर तिच्या आतल्या दोन याद्या दोनच होत्या. पूर्वेकडचा जो वैमानिक २००५ मध्ये ५५ वर्षांचा होता, तो २०१५ मध्ये ६५ चा झाला आणि कायद्यानं कॉकपिटमधून उतरला. नोकरीच्या शेवटच्या दहांपैकी बहुतेक वर्षं तो दिवाळखोरीतल्या पगारावर उडाला, आपल्या रुजू तारखेची राखण करत. त्याच वर्षी जूनमध्ये अपील न्यायालयाचा निकाल आला, आणि तिन्ही गटांची मिळून एक यादी लवादानं ठरवली ती सप्टेंबर २०१६ मध्ये. तिच्यात त्याला कितव्या नंबरवर बसवायचं, हा प्रश्न तोवर उरला नव्हता.